बॉनेटवरचे ओरखडे

गॅरेजात तिला सगळे ताई म्हणत. मालक तिच्या वडिलांच्या वयाचा, तोही ताईच म्हणे. गाडी पॉलिशला घेऊन आलेला नवखा माणूस ‘पॉलिशवाला कुठाय?’ असं विचारत आत शिरला, की कुणीतरी हनुवटी उडवून कोपऱ्याकडे दाखवी. तिथं जाड निळा एप्रन घातलेली, रुंद खांद्यांची, मनगटानं भल्या पुरुषाला भारी पडेल अशी बाई उभी दिसली, की तो माणूस क्षणभर किल्ली हातातच धरून राही. तिच्या उजव्या कानाची वरची कड फाटलेली होती. कुणी विचारलंच तर ती सांगे, “बापानं कान धरला आणि सोडायला विसरला.” लोक हसत. ती हसत नसे.

खरं तर ते पट्ट्याचं बक्कल होतं. बाप क्रेनवर कामाला होता. दिवसभर उंचावर एकटा बसून लोखंड उचलायचा आणि खाली ठेवायचा. घरी आला की कुणाशी चकार शब्द न बोलता आधी बूट काढायचा, मग पट्टा. रागाच्या भरात मारणारा माणूस निदान दमतो तरी. राग उतरला की त्याचं त्यालाच कसंसं होतं. हा रागावतच नसे. लोक जेवायला बसतात तसा हा मारायला बसे. आधी आईला, मग थोरलीला, आणि धाकटीला समज आली तशी तिलाही. आई एकदा औषध आणते म्हणून बाहेर पडली ती परत आलीच नाही. पोरींना मागे ठेवून गेली म्हणून ताईनं तिला कधी नावं ठेवली नाहीत. “एकटीला पळता येतं,” एवढंच ती म्हणायची, “तिघी पळायला लागलो असतो तर आवाज झाला असता.”

ताई अंगानं भरली तसा बापाचा हात तिच्यावर जरा जपून पडू लागला. पण धाकटी काडीपैलवान. एका संध्याकाळी तिच्या हातून काचेचा पेला फुटला आणि बाप तिला पायाला धरून फरफटत जिन्याकडे घेऊन निघाला. ताईनं मागून येऊन दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर ठेवले आणि ढकललं. तो अख्खा जिना गडगडत गेला आणि वळणावरच्या लोखंडी कठड्यावर कमरेनं आपटला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. ताई वरच्या पायरीवर उभी राहून बघत राहिली. खाली जावं असं तिच्या मनात बराच वेळ आलं नाही.

दवाखान्यात त्यानं सांगितलं, पाय घसरला. पोरीनं ढकललं म्हणायची त्याला लाज वाटली असावी. ताईला वाटलं, सुटलो. ज्याला धड उभं राहता येत नाही तो मारणार काय? तिच्या ओळखीचा एक डेंटर होता, चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. बाप अजून खाटेवर होता तेव्हाच तिनं त्याच्याशी लग्न लावलं आणि घर सोडलं. धाकटीला बरोबर नेलं नाही. धाकटीची शाळा चालू होती, बापाकडे बघायला कुणीतरी हवंच होतं, आणि एका खोलीच्या संसारात तिसरं माणूस निजवायचं कुठं? ताईकडे कारणं होती आणि सगळी खरी होती.

डेंटर अबोल माणूस. दिवसभर हातोडा चालवायचा, पण घरात कधी दारही आपटायचा नाही. सुरुवातीला ताईला त्याच्या त्या शांतपणाचीच धास्ती वाटे. तो पाणी प्यायला उठला तरी ती भिंतीला पाठ लावून उभी राही. त्यानं ते पाहिलं आणि काही न बोलता एक सवय लावून घेतली: तिच्या मागून यायचं झालं, तर लांबूनच खोकायचं. ती खोकल्याची सवय त्याला आयुष्यभर राहिली. गॅरेजातले लोक त्याला दम्याचा पेशंट समजत.

त्यानंच तिला गॅरेजात आणलं. तिथल्या म्हाताऱ्या पेंटरनं तिच्या हातात पॉलिशचं मशीन दिलं. हे ऑर्बिटल मशीन मोठं गमतीचं. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि फिरता फिरता लहानशा गोलात डुलतंही, त्यामुळं रंग एका जागी तापून जळत नाही. पण त्यावर अंगाचा भार टाकला, की ते फिरायचंच थांबतं आणि जागच्या जागी नुसतं थरथरत बसतं. ताईला जोर लावल्याशिवाय काही करता येत नसे. पहिले कित्येक दिवस तिनं मशीन पत्र्यावर असं दाबलं, जणू खाली कुणाची मान आहे. पेंटर ओरडायचा, “अगं बाई, गाडी तुझी दुश्मन आहे का? त्याच्या वजनानं चालू दे त्याला! तू फक्त वाट दाखव.” हळूहळू जमलं. पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या लेपाचे, चार ठिपके, आधी सावकाश फासायचं, मग वेग वाढवून उभं-आडवं फिरवायचं, कापडानं पुसायचं आणि दिव्याखाली बघायचं. मंद झालेल्या रंगात समोरची खिडकी चौकटीसकट उमटायला लागली की ताईचा जबडा जरा सैल पडे.

म्हणून ती गाय झाली होती असं कुणी समजू नये. एकदा ती डिकीवर वाकून काम करत असताना एका सुटाबुटातल्या गिऱ्हाइकानं मागून अंगचटीला यायचं धाडस केलं. ताई चालू मशीन घेऊनच वळली आणि ते तिनं त्याच्या तोंडावर टेकवलं. नाकाच्या शेंड्याचं साल निघालं, दातांच्या फटीत कंपाउंड गेलं. तो माणूस बोंबलत रस्त्यावर पळाला. मालकानं नंतर डोक्याला हात लावला. “ताई, पॉलिश गाडीला करायचं ठरलं होतं, गाडीच्या मालकाला नव्हे.” तो माणूस तक्रार करायला कधी आला नाही. गाडी न्यायला मात्र त्यानं भावाला पाठवलं.

बाप मेला तेव्हा ताई अंत्यविधीला गेली, शेवटपर्यंत मागे उभी राहिली आणि कामावर परत आली. त्यानंतर वर्षभरात धाकटीनं आपल्या मनानं लग्न केलं. नवरा स्वतःची काळी लांबलचक गाडी भाड्यानं फिरवणारा. दिसायला देखणा, जिभेवर साखर. गाडीवर त्याचा असा जीव, की तिच्यावरची धूळ त्यानं कुणाला बोटानं पुसू दिली नसती. नात्यानं ताई त्याची आक्कडसासू, आणि ते नातं तो भरभरून वापरायचा. “ताई, तुमच्याशिवाय माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये!” ताईला तो आवडला नव्हता. पण आवडलेली माणसं तिच्या आयुष्यात होती तरी किती? भर उन्हाळ्यात धाकटीच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा पाहिला, तेव्हा तिनं एकदा विचारलंही. धाकटी फटकन म्हणाली, “तुला सगळीकडे बाबाच दिसतात.” ताईनं तोंड मिटलं. कारण खरंच दिसत असत.

आणि मग एका दुपारी तो काळी गाडी घेऊन आला.

“पार्किंगमध्ये कुणा मेल्यानं ओरबाडलीये बघा,” तो बॉनेटकडे बोट करून म्हणाला. “संध्याकाळचं गिऱ्हाईक आहे, ताई. त्याच्या आत चकाचक पाहिजे. एक बारीक पोचाही आहे, भाऊजींना सांगा जरा.”

त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर पट्टी होती.

“हाताला काय झालं तुमच्या?”

“टायर बदलताना पाना सटकला.”

“धाकटी काय म्हणते?”

“मजेत. झोपलीये.” त्यानं गालावरून हात फिरवला. “मी समोर दाढी करून येतो. घाई नाही करत, पण घाई आहे!” आणि हसत हसत तो रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेला.

ताईनं गाडी धुतली, कोरडी केली. दिव्याच्या बाजूच्या रबरावर आणि पत्र्याच्या कडेवर कागदी टेप चिकटवली, म्हणजे पॅड तिथं घासून रंग जळणार नाही. मग हातातला दिवा बॉनेटवर तिरका धरला. काळ्या रंगावर काही लपत नाही. काचेच्या खालून समोरच्या टोकाकडे उतरत आलेल्या बारीक रेघा होत्या, एकमेकींच्या शेजारून, मध्येच एकत्र वळलेल्या. किल्लीनं ओरबाडलेली रेघ सरळ आणि खोल जाते. या उथळ होत्या. ताईनं डोक्यात काही येऊ दिलं नाही. तिनं कडेच्या एका रेघेवर कंपाउंड फासलं, मशीन फिरवलं आणि पांढऱ्या कापडानं पुसलं. रेघ गेली होती. कापडावर एक जांभळट फराटा आला होता.

काळ्या गाडीतून जांभळा रंग निघत नाही. ताईनं मशीन बंद केलं. दिवा जवळ नेऊन ती काचेच्या मुळाशी वाकली. वायपरच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. तिनं चिमट्यानं ते बाहेर काढलं. तुटलेलं अर्धं नख होतं. त्याच्यावर जांभळं नेलपॉलिश होतं आणि आतल्या बाजूला वाळकं रक्त.

“अहो,” तिनं हाक मारली. “इकडे या जरा.”

डेंटर खोकत आला. तिनं नख दाखवलं नाही, पोचा दाखवला. त्यानं डोळे मिटून त्यावर तळहात फिरवला, तो नेहमी फिरवतो तसा.

“दगडाचा नाही. कड लागत नाहीये कुठं. बोथट आहे काहीतरी, वरून आपटलेलं...” तो थांबला. त्यानं हात उचलला आणि पँटला पुसला.

“डोकं?” ताईनं विचारलं.

तो वळला. आपल्या जागेवर जाऊन हातोडा घेऊन आला.

धाकटीचा फोन बंद होता. किल्ली गाडीलाच होती. डेंटर शेजारी बसताच ताईनं गाडी अशी बाहेर काढली, की दारातला पाण्याचा डबा उडून गटारात गेला. मालक मागून काहीतरी ओरडला. समोरच्या सलूनच्या काचेआड खुर्चीत एक माणूस अर्ध्या चेहऱ्यावर फेस घेऊन ताडकन उठलेला तिनं गाडीच्या आरशात पाहिला.

धाकटी तिसऱ्या मजल्यावर राहायची. दाराला बाहेरून कुलूप होतं. शेजारचं दार किलकिलं झालं आणि एक बाई हळूच म्हणाली, “न्हाणीघरात पडल्या म्हणे. कुलूप कशाला घातलं ते मात्र कळलं नाही.”

“आणि विचारलं नाहीत तुम्ही?”

बाई दाराआड सरकली.

डेंटरनं कुलपावर हातोडा घातला. तो पत्र्यावर ठोके मारी तेव्हा आवाजात एक लय असे. आज नव्हती. कडी कोयंड्यासकट निखळून आली.

आत पडदे ओढलेले होते. धाकटी पलंगाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, खाली फरशीवर बसलेली होती. लहानपणी बसायची तशीच. कपाळ एका बाजूनं सुजून पुढं आलेलं, एक डोळा बंद. उजव्या हाताच्या बोटांना तिनं स्वतःच रुमाल गुंडाळला होता आणि तो तपकिरी लाल रंगाचा होऊन कडक झाला होता.

“तू कशाला आलीस?” ती म्हणाली. ओठ नीट हलत नव्हते. “तो येईल आता.”

“येऊ दे. काय झालं ते सांग.”

धाकटीनं तुटक तुटक सांगितलं. ती गाडी चालवायला शिकत होती. नवरा कामावर असताना, शेजारच्या गल्लीतल्या क्लासमध्ये. लायसन्सही मिळालं होतं. त्याला खूश करावं म्हणून सकाळी ती खाली गेली, गाडी पुसली आणि चालकाच्या जागेवर बसून गाडी चालू केली. हलवलीसुद्धा नव्हती. तो खाली आला. त्यानं केस धरून तिला बाहेर ओढलं आणि बॉनेटवर डोकं आपटलं. ती घसरायला लागली, म्हणून तिनं काचेखालचा पत्रा धरायला बघितलं.

“नखं लागली गाडीला,” धाकटी म्हणाली. “मग ते बघून त्यानं परत मारलं. पहिलं मारलं ते गाडीत बसले म्हणून. नंतरचं ओरखड्यांसाठी.”

ताईला जिन्यावर पावलं ऐकू आली.

तो आला तेव्हा त्याच्या एका गालाची दाढी झालेली होती आणि दुसऱ्या गालावर साबण वाळून पापडी धरली होती. दुसऱ्या वेळी कुणाला हसू आलं असतं. त्याच्या हातात खालच्या फाटकाचा लोखंडी अडसर होता. डेंटर दारात उभा राहिला. हातात हातोडा होता, पण तो उचलायचं डेंटरला सुचलंच नाही. आयुष्यभर त्यानं पत्र्याशिवाय कशावर हातोडा उचललेला नव्हता.

“हे बघा, बसून बोलू...” डेंटर म्हणाला.

अडसर त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आणि डेंटरच्या तोंडून निघालेला आवाज एकदमच आले. तो भिंतीला घासत खाली बसला.

“माझी गाडी!” धाकटीचा नवरा ओरडला. “माझ्या गाडीला हात लावायची हिंमत...”

दुसरा वार ताईच्या तोंडावर आला. तिचे समोरचे दात जिभेवर पडले. तिनं ते थुंकले आणि त्याचा अडसराचा हात मनगटाशी धरला. तिच्या मुठीत दिवसभर चालणाऱ्या मशीनची ताकद होती. तिनं मनगट पिळलं. अडसर फरशीवर वाजत पडला. त्यानं डाव्या हातानं तिच्या पोटात गुद्दे घातले, गुडघा मारला, तिच्या फाटक्या कानाला हिसडा दिला. कानातून रक्ताची धार गळ्यावर आली. ती त्याला ढकलत ढकलत कपाटापर्यंत घेऊन गेली आणि त्याचं तोंड कपाटाच्या आरशात घातलं. आरसा फुटला. दोघंही काचांवर पडली. ताई वर होती.

“ताई, ऐका, ताई...” तो खालून म्हणू लागला.

“आता तुला ताई आठवली?” ती म्हणाली. इतकी वर्षं तिनं त्याला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. “ये रे ये. तुझं पॉलिश करते.”

तिनं त्याच्या छातीवर गुडघे रोवले, दोन्ही हातांनी केस धरले आणि डोकं फरशीवर आपटलं. मग परत. तो तिच्या हाताला चावला. तिला जाणवलं नाही. परत. त्याचे डोळे फिरू लागले. आणि ताईला राग आलेला नव्हता. पुढं कितीतरी वर्षं तिला आठवत राहिलं ते हेच. तिचा श्वास संथ चालला होता, हात मोकळे पडत होते. जेवायला बसावं तशी ती त्याच्या छातीवर बसली होती.

“ताई, बास.”

तिनं ऐकलं नाही.

“ताई!” धाकटी फटीतून रांगत बाहेर आली होती. तिनं ताईच्या एप्रनची नाडी मागून धरली होती आणि ओढण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. “मागच्या वेळी तू ढकललंस आणि तू गेलीस! म्हाताऱ्याची कंबर मोडली, हात नव्हता मोडला. त्याच्याकडे काठी आली होती, ताई. काठी! तू ढकललंस त्याचं सगळं त्यानं माझ्याकडून वसूल केलं. रोज. मरेपर्यंत. आता याला मारशील आणि तुरुंगात जाशील, आणि मी परत मागे एकटी!”

ताईचे हात थांबले. केसांचा पुंजका मुठीत तसाच राहिला.

“काठी?” तिनं विचारलं.

“उतर खाली,” धाकटी म्हणाली.

ताई उतरली. ती भिंतीशी गेली, नवऱ्याजवळ बसली आणि लोंबकळणारा त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. तो पांढरा फटक पडला होता. तशाही अवस्थेत तिच्या खांद्याला टेकण्याआधी तो खोकलाच.

खाली पडलेला माणूस कुशीवर वळला. त्यानं चाचपडत हात लांब केला आणि धाकटीचा घोटा पकडला. का पकडला कुणास ठाऊक. आधार म्हणून असेल, सवयीनं असेल. धाकटीच्या चांगल्या हाताला टेबलावरचा पाण्यानं भरलेला स्टीलचा जग लागला. तिनं तो उचलला आणि त्याच्या तोंडावर घातला. नाक फुटलं, पाणी आणि रक्त सगळ्या खोलीभर झालं. घोटा सुटला. धाकटीनं जग परत टेबलावर ठेवला, अगदी काळजीपूर्वक, कडेपासून आत सरकवून.

पोलीस आले तेव्हा शेजारची बाई त्यांच्या पुढं होती. फोन तिनंच केला होता. जिन्यात उभी राहून ती पोलिसांना म्हणत होती, “मी सांगते ना, सगळं सांगते. रोज ऐकते मी.”

खाली काळी गाडी वेडीवाकडी उभी होती, बॉनेटच्या कडांना टेप तशीच. एका पोलीसबाईनं तिचे फोटो काढले. तिनं आपला पंजा पत्र्यावर न टेकवता वरून धरून बघितला आणि म्हणाली, “इथं चारच दिसतायत. आणखी एक असायला हवा होता.”

“तो मी पुसला,” ताई म्हणाली. तोंडात बोळा होता, शब्द धड फुटत नव्हते. तिनं एप्रनच्या खिशातून जांभळा फराटा असलेलं कापड आणि चिंधीत बांधलेलं नख काढून दिलं. “चार मिनिटं उशिरा कळलं असतं तर सगळेच पुसले असते मी. बेमालूम. माझं कामच ते.”

पुढं काय झालं ते असं. त्याच्या कवटीला तडा गेला होता, पण तो वाचला. त्याच्यावर खटला चालला. ताईवरही चालला, कारण त्याच्या वकिलानं फरशीचे फोटो दाखवले आणि ते बघवत नव्हते. न्यायाधीशांनी ताईला विचारलं, हात का थांबवला नाही? ताईनं खरं ते सांगितलं: “थांबवावंसं वाटलं नाही.” तिचा वकील कपाळाला हात लावून बसला. तिला थोडी शिक्षा झाली, त्याला जास्त. शिक्षा भोगून तो दुसऱ्या गावी गेला आणि तिथं त्यानं दुसरी बायको केली, असं कुणीतरी सांगत आलं. ते ऐकून धाकटीला त्या दिवशी अन्न गेलं नाही. त्या न पाहिलेल्या बाईचा पत्ता काढायला तिनं पुष्कळ धडपड केली. मिळाला नाही.

डेंटरचा खांदा वाकडाच जुळला. आता तो डाव्या हातानं हातोडा धरतो, आणि सरळ केलेल्या पत्र्यात त्याला स्वतःलाच खोट दिसते. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. धाकटी काही महिने त्यांच्याकडे राहिली, मग वेगळी खोली घेऊन गेली. ती पावाची व्हॅन चालवते. ताईला वाटलं होतं, जे झालं त्यानं दोघी बहिणी जवळ येतील. तसं काही झालं नाही. धाकटी सुट्टीच्या दिवशी यायची, चहा प्यायची, भाऊजींची चौकशी करायची आणि उठायची. ताईशी ती नजरेला नजर देऊन बोलत नसे. ताईनं पाठीवर हात ठेवला, की तिचा खांदा आपोआप आक्रसायचा.

एका सुट्टीच्या दुपारी डेंटर झोपलेला होता. धाकटीनं कप खाली ठेवला आणि नेहमीप्रमाणे उठायला लागली.

“बस,” ताई म्हणाली. “त्या काठीबद्दल सांग.”

“आता कशाला? मेला तो.”

“मला माहीत नाहीये ना. मी नव्हते तिथं. पहिल्यापासून सांग.”

धाकटीनं एकदा दाराकडे पाहिलं. मग बसली. काठी कसली होती इथपासून तिनं सुरुवात केली. वेताची होती, दवाखान्यातून मिळालेली, खाली रबराचं बूच असलेली. बूच पहिल्या आठवड्यातच त्यानं काढून टाकलं होतं. बाप आता झटकन उठू शकत नसे, म्हणून तो हाक मारून तिला जवळ बोलवी आणि ती जाई. न जाऊन करणार काय? खोली तर एकच होती. कुठं लागायचं, ते तिनं बाही वर करून दाखवलं. लोकांना दिसेल म्हणून तो कुठं मारायचा नाही, तेही सांगितलं. ताईच्या लग्नाच्या दिवशी काय झालं ते सांगताना तिचा आवाज चढला आणि ती ताईला वाटेल ते बोलली. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा ती मोरीत जाऊन ओकून आली, तोंड धुतलं आणि परत समोर येऊन बसली.

“हं,” ती म्हणाली. “पुढं?”